पाय जावयाचे, छत ठेकेदाराचं

१२ जुलै २०२३
गुलाबसिंग वकिलानं सांगितलं, आजी, जे जे होईल ते तारखेसकट लिहून ठेवत जा, कोर्टात तारीख बोलते. म्हणून नातीची, संस्कृतीची, मागच्या वर्षीची अर्धी कोरी वही घेतली. मी चौथी पास. बोलताना ‘मले’ आणि लिहिताना ‘मला’, एवढं मास्तरांनी छडीनं शिकवलं, ते अजून हाताला आठवतं.

हकिगत अशी. मागच्या अंगणात नवी खोली बांधली, वर स्लॅब टाकला. ठेका जावयाला दिला. राजू, माझ्या विमलचा नवरा, मंगरूळपीरला असतो, ठेकेदारी करतो. परक्याला दिला असता तर बरं झालं असतं, परक्याला शिव्या तरी देता येतात. पैसे रोख दिले आणि पावती घेतली. भागवत, माझा पोरगा, म्हणाला, “माय, जवायाकून पावती घेते का कोणी?” मी म्हटलं, “जवाई हाये म्हणूनच घेतो.”

आता खोली गळते. भिंतीला ओल नाही, सरळ पाणी. पलंग ठेवावा तिथं धार.

गुरुजींनी वास्तूचा मुहूर्त आषाढी एकादशीच्या आधीचा काढला होता. पुढं चातुर्मास, त्यात अधिक महिना, म्हणजे मग थेट दिवाळीनंतर. आणि राजूचं सेंट्रींग, स्लॅबखालचा फळ्या-बल्ल्यांचा टेकू, आपलं उभंच. खोलीत पाय ठेवायला जागा नाही, जिकडं तिकडं बल्ल्या. मी म्हटलं, बल्ल्यांच्या रानात सत्यनारायण बसवू का? काढा. तो अजून राहू द्या, राहू द्या करत होता. काढलं शेवटी. वर्षाराणी, माझी सून, स्लॅबवर पाणी मारत होती, तेही मी थांबवलं. पाहुणे यायचे होते, हंडे भरून ठेवायचे की छताला आंघोळ घालायची? काम चांगलं असतं तर एवढ्यानं काही झालं नसतं. चांगली भाकर काय तव्यावरून लवकर काढली म्हणून मोडते?

राजूला फोन केला. म्हणाला, “मामी, पावसाळा सरू द्या, पाहून घेऊ.” पाहून घेऊ! गळतं माझ्या डोक्यावर आणि पाहणार हा.

३० जुलै, रविवार
अधिकाचा महिना. जावयाला धोंड्याचं जेवण घातलं नाही तर लोक म्हणतील म्हातारीला रीत नाही. वैर वेगळं, रीत वेगळी. दोघांना बोलावलं. वर्षाराणीनं पुरणाचे धोंडे केले. अनारसे मी स्वतः तळले, तेहतीस. सुनेचे अनारसे कढईत हसतात, तिच्यासारखेच, काही कारण नसताना.

पानं नव्या खोलीत मांडली. पाऊस सकाळपासून लागलेला. राजूचा पाट बरोबर गळतं तिथं ठेवला. विमलच्या लक्षात आलं.

“माय, पाट जरा इकडं घे ना.”

“पूर्वेले तोंड पायजे,” मी म्हटलं. “बस तू.”

जावयाचे पाय परातीत घेतले, धुतले, पुसले, गंध लावलं. संस्कृतीनं मोबाईलवर फोटो काढला. पहिला थेंब त्याच्या मानेवर पडला, दुसरा वरणात. त्यानं ताट ओढून घेतलं. थेंबही सरकला.

मी म्हटलं, “अधिकात जवाई म्हणजे नारायण. नारायणाले पाण्याचं काय भेव? तो तं समुद्रातच निजते.”

वर्षाराणीनं पदर तोंडात कोंबला. राजूही हसला आधी. “मामी, हाणा, हाणा. तुमचा हक्क हाये. पावसाळा गेला का पदरचं सामान आणून करून देतो.”

मग वाण दिलं. तांब्याचं ताट, त्यात अनारसे, वर दिवा, त्यावर लाल कापड. अनारशांच्या खाली वकिलाची नोटीस. हातोहात दिली की सही लागते म्हणून पेनही ठेवला होता.

त्यानं वाचली. कान लाल झाले. विमल म्हणाली, “काय हाये वो?” त्यानं पेन उचलून सही केली. मला म्हणाला, “दिवा नेऊ का मामी? का तोही पुराव्यात लागते?”

“न्या. वाण माघारी घेत नाईत.”

विमलनं अनारसा तोंडात घातला होता. तो तिनं गिळलाही नाही, थुंकलाही नाही. तशीच गेली मोटारसायकलवर मागं बसून, गाल फुगवून.

२५ सप्टेंबर
केस दाखल झाली, वाशिमच्या ग्राहक कोर्टात. येताना अनसिंगच्या बाजारात उतरले. कांदे घेता घेता सांगितलं, मिरची घेता घेता सांगितलं. मंगरूळपीरचा राजू ठेकेदार, ज्यानं सासूच्या डोक्यावर चाळणी बांधली. लोकांना कळायला हवं. ज्यांना कळलं त्यांनी पुढं सांगितलं असेलच.

शेजारची धनीबाई म्हणाली, “सोजरबाई, लेकीच्या कुंकवावर केस केली म्हणते तुमी?”

“कुंकवावर नाई, छतावर केली,” मी म्हटलं. “तुह्या जवायानं तं तुले कुडाची भिंतही नाई बांधून देली, तू कायले बोलते?”

गेली मग.

१८ नोव्हेंबर
भाऊबीज झाली, तरी विमल इथंच आहे. राजू न्यायला आला नाही. भागवतला फोन केला म्हणे, “केस माघारी घ्या, मंग येतो.” मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर शाळेच्या कंपाउंडचं काम मिळालं होतं त्याला, तेही गेलं. लोक म्हणाले, सासूची खोली गळते तर शाळेचं काय. बरोबर बोलले लोक.

विमल सकाळी चुलीपाशी आली.

“माय, माघारी घे. तो बांधून देईन तुले.”

“देईन तं कागदावर देऊ दे.”

“कागदावर देल्लं तं चोर ठरते ना तो. एकही काम राहणार नाई त्याच्यापाशी.”

“हाये तं मंग काहून नाई ठरायचा?”

तिला लेकरू नाही. तिकडं तिला धरून ठेवणारा एक तो राजूच. एवढ्या वर्षांत त्यानं तिला त्यावरून बोल लावल्याचं मी ऐकलं नाही, एवढं लिहून ठेवते, कारण वकील म्हणाला सगळं लिहा. पण त्यानं छत कोरडं होत नाही.

तिचा पलंग नव्या खोलीत टाकला. घरात दुसरीकडं जागा कुठं आहे?

२१ फेब्रुवारी २०२४
कोर्टात पहिल्यांदा उभी राहिले. समोर तिघं बसलेले, मध्ये एक बाई. राजूच्या वकिलानं तो फोटो काढला. धोंड्याच्या जेवणाचा, मी पाय धुताना. संस्कृतीनं आत्याला पाठवला होता, तिथून तो यांच्याकडं आला. वकील म्हणाला, “पाहा मॅडम, काम झाल्यावर तक्रारदार बाईनं ठेकेदाराचे पाय धुतले. ज्याच्या कामावर नाराजी आहे, त्याचे पाय कोणी धुतं का? त्याच खोलीत, त्याच छताखाली?”

गुलाबसिंगचं तोंड उतरलं. मधली बाई मला म्हणाली, “आजी, तुम्हाला काही सांगायचं आहे का?”

मी म्हटलं, “मॅडम, पाय जवायाचे धुतले. छत ठेकेदाराच्या हातानं केलं. पायाचा हिशेब मी घरी केला, हाताचा इथं करायले आली.”

सगळं कोर्ट हसलं. बाईसुद्धा. राजूकडं पाहिलं तर तो आपल्या हातांकडं पाहत होता.

घरी आल्यावर वर्षाराणीला सांगितलं, भागवतला सांगितलं, दळण आणायला गेले तिथं सांगितलं. विमलला सांगायची गरज पडली नाही, तिनं मंगरूळपीरहून फोनवर ऐकलं होतं. म्हणाली, “माय, चांगलं बोलली तू. त्यानं जेवण सोडलं.”

“पचत नसंन,” मी म्हटलं.

१६ जुलै २०२४
कोर्टानं इंजिनीयर पाठवला पाहणीला. नशिबानं पाऊस जोराचा. विमल तीन घमेली आणि बादली ओतत असते रोज, तिला म्हटलं आज हात लावू नको. साहेबाला दिसलं पाहिजे. तिला ताप होता दोन दिवसांचा. पलंगावर प्लॅस्टिक पांघरून पडली होती. वर्षाराणी म्हणाली, “आई, त्याईले माजघरात आणू का?” मी म्हटलं, “साहेब गेल्यावर आण. माणूस भिजून राह्यलं हे लिहिलं गेलं पायजे.”

इंजिनीयरनं हातोडीनं ठोकून पाहिलं, उंबऱ्यात उभं राहून फोटो काढले. राजूलाही बोलावलं होतं. तो दारात थांबला, आत येईना. मग विमल दिसली त्याला. चपला न काढता आला आणि एकट्यानं पलंग उचलून कोरड्या कोपऱ्यात नेला, तिच्यासकट.

“हात लावू नका,” मी म्हटलं. “पाहणी चालू हाये.”

त्यानं ऐकलं नाही. प्लॅस्टिक झटकलं, नीट पांघरलं. मग जाऊन पुन्हा दारात उभा राहिला.

इंजिनीयर म्हणाला, “गज विरळ टाकलेत, हे एक. पण सेंट्रींग कच्च्यात काढलेलं दिसते. पाणीही नीट मारलेलं नाही. कोणी काढायला सांगितलं?”

राजूनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं. म्हटलं, बोल. तो म्हणाला, “मीच काढलं, साहेब. काम माझं होतं.”

झालं. स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. चोर कधीतरी बोलतोच.

११ ऑगस्ट
विमल गेली. तो न्यायला आला नाही, हीच निघाली, एसटीनं. पिशवी भरताना म्हणाली, “बल्ल्या काढल्या त्या दिवशी मी इथंच होती, माय.”

“होती तं?”

“तं काई नाई.”

ज्वारीचं पीठ बांधून देत होते, घेतलं नाही. तिच्या जागी घमेली आता वर्षाराणी ओतते, तोंड वाकडं करून.

९ जानेवारी २०२५
गुलाबसिंगनं वाचून दाखवलं. विमलनं शपथेवर लिहून दिलं आहे कोर्टात, नवऱ्याच्या बाजूनं. आईनं मुहूर्तासाठी सेंट्रींग काढायला लावलं. नवरा नको म्हणत होता. आई म्हणाली, सासूचं ऐकत नाही तो जावई कसला, उद्यापासून या घरात पाय ठेवू नका. म्हणून त्यानं काढलं. छताला पाणी मारणंही आईनं थांबवलं.

गुलाबसिंग म्हणाला, “आजी, हे खोटं आहे असं लिहून देऊ का?”

शब्द न् शब्द खरा आहे. त्याचाच जास्त राग आला. खोटं बोलली असती तर म्हटलं असतं, बिचारी नवऱ्याच्या धाकानं बोलली. खरं बोलायला कोणाचा धाक लागतो?

“काई लिवू नको,” मी म्हटलं. “तिनं विमल राजू अशी सही केली ना? माहेरचं नाव टाकलं नाई ना? मंग परक्या बाईचं काय मनावर घ्यायचं.”

एसटीत खिडकीपाशी बसले. अनसिंग आलं कधी, कळलं नाही. कंडक्टरनं हाक मारून उतरवलं.

१८ फेब्रुवारी २०२६
निकाल लागला. जवळजवळ अडीच वर्षांत किती तारखा झाल्या, देव जाणे. जुना स्लॅब फोडून नवा टाकून द्यायचा, मजुरी राजूची, सामानाचा खर्च निम्मा निम्मा. पावसाळ्याआधी. नाही केलं तर वॉरंट.

गुलाबसिंग म्हणाला, “निम्मी जिंकली आजी.”

“निम्मी काहून?” मी म्हटलं. “तो माझ्या छतावर चढणार ना? जिंकली.”

त्याला पेढे दिले. धनीबाईलाही पाठवले. तिनं घेतले, पण ‘बरं झालं’ म्हणाली नाही.

२४ मे २०२६, रविवार
आज नवा स्लॅब टाकला. पुन्हा अधिक महिना आला आहे, तीन वर्षांनी. लोक म्हणाले, अधिकात काम नको. पण कोर्टाला महिना कळत नाही.

राजूकडं आता टोळी राहिली नाही. सोबत दोन म्हातारे मिस्त्री आणि गावातून धरलेले चार मजूर. आणि गिट्टीची घमेली वाहायला एक बाई, डोक्याला फडकं गुंडाळलेली. दोन खेपा झाल्या तेव्हा ओळखली. विमल.

वर्षाराणी धावली, “ताई, तुमी कायले?” तिनं फडकं नीट केलं आणि घमेलं उचललं. चुंबळ चांगली वळली होती. ती मीच शिकवली होती तिला, विहिरीवर जायची तेव्हा.

मी खाली खुर्ची टाकून बसले. लक्ष ठेवायला नको? एकदा म्हटलं, “बाई, घमेलं भरून घेत जाय. अर्ध्यात खेप करून राह्यली.” पुढची खेप तिनं काठोकाठ भरून आणली. मान थरथरत होती. राजू वरून पाहत होता. खाली उतरला, तिच्या घमेल्यातली अर्धी गिट्टी स्वतःच्या घमेल्यात घेतली, पुन्हा चढला.

स्लॅबच्या दिवशी मजुरांना जेवण घालायची रीत आहे. वरण, बट्टी, वांग्याची भाजी. आणि मी अनारसे तळले होते, तेहतीस. कालच तळले, कोणाला न सांगता. जावई दारात आलाच आहे तर वाण चुकवायचं कशाला? परात, पाणी, गंध, सगळं माजघरात मांडून ठेवलं होतं. पाट कोरड्या जागी.

बाहेर येऊन म्हटलं, “जवाई, आत या. पाय धुतो.”

तो ओट्याखाली मजुरांच्या पंगतीत बसला होता. हात सिमेंटनं पांढरे. वर पाहिलं त्यानं.

“मामी, तुमीच सांगतलं होतं ना कोर्टात? आज नुसते हात आले. पाय घरी ठेवून आलो.”

मजूर हसले, त्यांना काय कळणार. मी हसले नाही. विमल त्याच्या बाजूला बसली होती, पत्रावळ पुढं घेऊन. मी भाजी वाढायला वाकले. म्हटलं, “घे, वांगं आवडते तुले.”

पत्रावळीवर हात आडवा धरला तिनं. “पुरे, मालकीणबाई.”

अनारसे उरले, तेहतीसच्या तेहतीस. संध्याकाळी गाईपुढं टाकले. तिनं मात्र सगळे खाल्ले.

१० जून
स्लॅबवर मातीचे वाफे केले. सकाळ-संध्याकाळ पाणी मीच भरते, शिडीनं वर चढून. वर्षाराणी म्हणते, पडाल. मी म्हटलं, मागच्या खेपेला तू मारत होतीस, काय झालं पाहिलं ना?

१७ जून
राजूचा फोन भागवतला. सेंट्रींग काढायला झालं. मी म्हटलं, नाही. कच्चं आहे.

२३ जून
पुन्हा फोन. मी म्हटलं, राहू दे, घाई कशाची? भागवत म्हणाला, “माय, त्याच्या फळ्या-बल्ल्या अडकून पडल्या, भाडं लागते त्याले.” लागू दे. मला छत पक्कं पाहिजे. आणि त्याला सांग, काढायला स्वतः यावं. मजुरांवर सोडायचं नाही, आदळआपट करतात. बाईलाही आणावं, खाली उभं राहून बल्ल्या धरायला कोणी लागतं.

माझी खाट मी त्या खोलीत नेली, बल्ल्यांच्या मध्ये. पाय लांब करता येत नाहीत. संस्कृती म्हणते, आजी, जंगलात झोपल्यासारखी दिसतेस. झोपते आपली. राखण नको का सामानाची?

२९ जून
सकाळी मोटारसायकलवर दोन पोरं आली, कधी न पाहिलेली. हातात हातोडा.

“सेंट्रींग काढायले आलो, आजी.”

“ठेकेदार कुठं हाये?”

“पुण्याले गेले. नवरा-बायको दोघंही. तिकडं साईट धरली त्याईनं, मोठी.”

“कवा गेले?”

“झाले पंधरा दिवस. खोलीबिली देऊन टाकली मंगरूळपीरची. आमाले म्हणे, सामान मालकाले परत करा अन् म्हातारीची सही घ्या का काम झालं.”

मी म्हटलं, कच्चं आहे, नका काढू. त्यांनी ऐकलं नाही. पोरांना काय, मोकळं व्हायचं. बल्ल्या धडाधड पाडल्या, चहा संपायच्या आत खोली रिकामी. मी खाट धरून उभी होते. वर पाहिलं. छत जागचं हललं नाही.

सही केली. पेन त्यांचाच होता.

५ जुलै
रात्रभर पाऊस. सवयीनं जुन्या जागी बादली मांडली होती. सकाळी उचलली, तर तळाशी धूळ होती, ओलसुद्धा नाही. भिंती फिरून पाहिल्या, हात लावून पाहिला. कोरडं ठक्क.

गुलाबसिंगला फोन लावला. म्हटलं, लिहून घे, गळत नाही. तो म्हणाला, “आजी, केस कवाचीच बंद झाली. आता लिवायची गरज नाई.”

विमलचा नंबर लागत नाही. बाई इंग्रजीत काहीतरी सांगते आणि बंद करते.

बादली पुन्हा तिथंच ठेवली. असू दे. ठेकेदार कसा आहे ते मला माहीत आहे. पुन्हा गळलं तर त्याला पुन्हा बोलावता येतं का, हे वकिलाला विचारायचं राहिलं.